गोठ्यातली मोटरबोट

गाय गेली त्याच दिवशी तिच्या गोठ्यात मोटरबोट आली.

गाय सकाळी गेली. न्यायला आलेल्या गड्यानं दाव्याला हात घातला तेव्हा ती मान वळवून नावाड्याच्या बायकोकडं बघत राहिली, आणि बायको हातातल्या घमेल्याकडं. दुपारी तोच गडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोट घालून परत आला. बोट तिरकी बांधली होती आणि तिच्या पोटात गोणपाटात गुंडाळलेलं इंजिन आडवं पडलं होतं. चौघांनी मिळून ती उतरवली. गोठ्याचा एक खांब काढावा लागला, तरी बोटीचं नाक हातभर बाहेरच राहिलं.

"नाकावर काहीतरी टाका," बायको म्हणाली. "ऊन लागेल."

"लाकडाला काय ऊन लागतंय?"

"रोज कुणाला तरी सावलीत बांधायची सवय आहे मला. म्हणून म्हटलं."

एवढं बोलून ती आत गेली.

बोट मूळची डॉक्टरांची. पलीकडच्या काठावरच्या आजाऱ्यांना बघायला ते ती घेऊन जायचे. डॉक्टर वारले आणि बोट त्यांच्या घरामागच्या छपरात अकरा वर्षं पडून राहिली. डॉक्टरीणबाईंना घरचं दूध हवं होतं आणि छप्पर मोकळं हवं होतं. नावाड्याकडं देण्यासारखं गाईशिवाय काही नव्हतं. सौदा उभ्या उभ्या झाला. घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा बायको धार काढत होती.

"विचारताय की सांगताय?" तिनं मान वर न करता म्हटलं.

उत्तर दोघांनाही माहीत होतं.

पण गाय न देऊन तो करणार काय होता? तीस वर्षं तो त्या तलावावर माणसांची ने-आण करत होता. अलीकडच्या काठाला बाजार, मोठी शाळा, दवाखाना. पलीकडं चाळीस-पन्नास घरं आणि त्यांच्या पाठीला डोंगर. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, नावेतून तासाभरात माणूस पोचायचा. मात्र गेल्या थंडीत एका दुपारी त्याची नाव भर पाण्यात भरकटली. आत चौदा माणसं, त्यात एक पोटुशी बाई. उन्हं उतरता उतरता नाव लव्हाळ्यांत जाऊन अडकली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण बोभाटा व्हायचा तो झाला. वारा फार होता, असं नावाड्यानं सगळ्यांना सांगितलं. तालुक्याच्या कचेरीत तेच लिहून दिलं. वारा नव्हताच असं नाही, पण तसल्या वाऱ्यात त्यानं हजारदा नाव नेली होती. खरं म्हणजे त्याचा उजवा खांदा मध्येच बसला होता. वल्हं पाण्यात होतं, मूठ हातात होती आणि मधला दंड जणू दुसऱ्याच कुणाचा होता. हे फक्त बायकोला ठाऊक होतं, कारण त्या दिवसापासून सदऱ्याच्या बाहीत त्याचा हात तीच घालत होती.

मग कचेरीनं कागद काढला. पुढच्या महिन्यापासून या पाण्यावर फेरी चालवायची तर इंजिनाचीच बोट हवी, नाहीतर फेरी तलावातली वाळू उपसणाऱ्या वाळूवाल्याकडं जाईल. वाळूवाल्याकडं दोन नव्या कोऱ्या मोटरबोटी होत्या. कागद हातात पडला तेव्हा महिना संपायला एकोणीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी उरकून नावाड्यानं गोणपाट सोडलं. इंजिन चांगलं कमरेएवढं उंच होतं. वर डोकं, खाली लांब पाय आणि पायाला तीन पात्यांचा पंखा. डोक्यावरचं झाकण काढलं तर आत गांधीलमाशांचं वाळकं पोळं आणि उंदरानं कुरतडून आणलेल्या चिंध्या. चिंध्यांत डॉक्टरांच्या बँडेजचे तुकडेही होते. त्यानं ते सगळं हातानं उपसलं. मग इंजिन चालू करायच्या दोरीची मूठ धरली. आयुष्यात त्यानं कुठलंच इंजिन चालू केलं नव्हतं. वाळूवाल्याची माणसं एका झटक्यात करतात, ते लांबून पाहिलं होतं. पाय रोवून त्यानं ओढलं. दोरी तसूभर हलली नाही. खांद्यातून मात्र अशी कळ गेली की तो गव्हाणीला टेकून मटकन खाली बसला.

बायको दारात उभी होती.

"मिस्त्रीला बोलवा," ती म्हणाली.

मिस्त्रीनं जन्मभर शेतावरच्या पंपांची इंजिनं दुरुस्त केली होती आणि त्यांच्या आवाजात दोन्ही कान घालवले होते. सगळे त्याला बहिरा मिस्त्री म्हणायचे, आणि तेही मोठ्यानं, म्हणजे त्याला ऐकू जावं. कुठलंही इंजिन बरं आहे की बिघडलंय, हे तो त्यावर तळहात ठेवून ओळखायचा. त्यानं गोठ्यात येऊन बोटीभोवती एक चक्कर मारली.

"किती वर्षं बंद आहे?"

"अकरा!"

"बारा?"

"अकरा!"

"सारखंच ते." मिस्त्रीनं वरचं चाक हातानं फिरवून पाहिलं, फिरेना. "जाम झालंय. आतला दट्ट्या चिकटलाय." त्यानं गंजलेले दोन प्लग घाम गाळत, हळूहळू, उलटसुलट करत बाहेर काढले आणि त्या भोकांत तेल ओतलं. "आता तीन दिवस हात लावायचा नाही. जबरदस्ती केलीस तर तुटेल. म्हाताऱ्याला अंथरुणातून उठवायचं तर आधी तेल लावून चोळावं लागतं."

"तीन दिवस? अहो मिस्त्री, माझ्याकडं दिवस कमी राहिलेत!"

"दिवस राहिलेत?" मिस्त्रीचे डोळे मोठे झाले. त्यानं दारात उभ्या असलेल्या नावाड्याच्या बायकोकडं पाहिलं. "या वयात?"

बायकोनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू बाहेर आलंच. गाय गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. नावाडी मात्र हसला नाही. त्याला खांदा शेकायचा होता आणि दुपारची फेरी तोंडावर आली होती.

ते तीन दिवस त्यानं नेहमीसारखी नाव वल्हवली. ऊन असं की पाण्यावर नजर ठरत नव्हती. तलाव आटत चालला होता. काठ रोज चार पावलं आत सरकत होता आणि नाव पाण्यात ढकलायची म्हणजे गुडघाभर गाळ तुडवावा लागत होता. जोर तो डाव्या हातानं लावायचा, उजवा नुसता सोबतीला ठेवायचा. त्यामुळं नाव सारखी एका अंगाला जायची आणि ती सरळ करायला पुन्हा उजव्यालाच राबावं लागायचं. पलीकडं पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटलेला असायचा.

"काय, गोठ्यातली दूध द्यायला लागली का?" शिंपी रोज विचारायचा.

"अजून आटलेलीच आहे," नावाडी रोज सांगायचा आणि लोक हसायचे. त्याला ते हसणं चालत होतं. चालत नव्हतं ते मास्तरीणबाईंचं गप्प बसणं. पलीकडच्या चौथीपर्यंतच्या शाळेवर त्या रोज जायच्या आणि भरकटलेल्या नावेतही त्या होत्या. तेव्हापासून त्या मांडीवर पिशवी ठेवून दोन्ही हातांनी नावेची कड धरून बसायच्या. पाणी कितीही शांत असो, कड सोडायच्या नाहीत.

चौथ्या दिवशी मिस्त्रीनं चाकावर दोन्ही पंजे ठेवून हळूच जोर दिला. आधी काही नाही. मग आत कुठंतरी कुरकुरलं आणि चाक वीतभर फिरलं. मिस्त्रीनं ते मागं आणलं, पुन्हा पुढं नेलं. प्रत्येक वेळी थोडं जास्त फिरलं. शेवटी पूर्ण फेरा झाला तेव्हा त्यानं नावाड्याच्या पाठीवर काळा पंजा उमटवला.

"जिवंत आहे!"

मग कार्बोरेटर खोलला. आतलं पेट्रोल सुकून त्याचा पिवळा डिंक झाला होता. ज्या बारीक भोकांतून पेट्रोल जायचं ती सगळी बुजली होती. मिस्त्रीची बोटं जाड, नावाड्याची त्याहून जाड. तीस वर्षं वल्हं धरून ती पुरती मिटतही नव्हती, उघडतही नव्हती. दोघं तासभर त्या चिमुकल्या पितळी तुकड्याशी झटापट करत होते. तो दोनदा कडब्यात पडला आणि दोन्ही वेळा बायकोनं शोधून दिला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा तिनं तो परत दिलाच नाही. ती उंबऱ्यावर बसली, चष्मा नाकावर चढवला, वायरीतली तांब्याची एक तार सोडवून घेतली आणि भोकात घालून हलक्या हातानं फिरवत राहिली. मध्येच तो तुकडा डोळ्यासमोर धरून तिनं उजेडाकडं पाहिलं.

"दिसतंय," ती म्हणाली. "आभाळ दिसतंय."

"काय म्हणते?" मिस्त्रीनं विचारलं.

"झालं म्हणते!" नावाडी ओरडला.

आता प्लगची ठिणगी बघायची होती. मिस्त्रीनं प्लग वायरीला लावून इंजिनाच्या अंगाला टेकवून धरला आणि म्हणाला, "ओढ."

नावाड्यानं डाव्या हातानं दोरी ओढली. चाक फिरलं, ठिणगी नाही. पुन्हा ओढली, नाही. मिस्त्रीनं वरचं चाक काढलं, आतले ठिणगी पाडणारे पॉइंट बारीक पॉलिशपेपरनं घासले, चाक परत बसवलं. "ओढ." नाही. दुपार झाली. गोठ्यात वाफ कोंडली होती आणि घाम डोळ्यांत उतरत होता. नावाड्यानं आता उजव्या हातानं ओढून पाहिलं. अर्ध्यावरच हात सुटला आणि दोरी सपकन आत गेली.

"झटका पाहिजे रे," मिस्त्री म्हणाला. "तू दोरी ओढतोयस की विहिरीतून बादली काढतोयस?"

नावाडी बोटीच्या काठावर बसला. खांद्याला आराम पडावा म्हणून त्यानं गाय देऊन हे इंजिन आणलं होतं, आणि इंजिनाला आधी पाहिजे होता तो खांदाच. हे त्याच्या ध्यानात कसं आलं नाही? त्याला स्वतःचा एवढा राग आला की डोळ्यांत पाणी येईल की काय अशी भीती वाटली.

"सरका," बायको म्हणाली.

"तू काय करणार?"

"बादली काढणार."

"हे बायकांचं काम आहे का? हात निखळेल."

"विहिरीचं पाणी मीच काढते. गवत मीच कापते, भारा मीच आणते. माझा हात निखळायचा असता तर केव्हाच निखळला असता." तिनं साडीचा ओचा खोचला, पाय बोटीच्या पाटाला लावला आणि दोरीची मूठ धरली.

मिस्त्रीला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तो प्लग बोटांत धरून आत डोकावत होता. तिनं एकच हिसका दिला. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी चटकन उडाली आणि त्याच क्षणी मिस्त्री "आई गं!" करून गव्हाणीत पडला.

"विजेचा झटका बसला!" तो गवतातून ओरडला. मग हात झटकत, हसत बाहेर आला. "चांगला बसला! ठिणगी आहे!"

नावाडी उठून घरात गेला. माठातलं पाणी प्यायला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. आनंद व्हायला हवा होता, हे त्याला कळत होतं.

शेजारून आणलेल्या लोखंडी पिंपात पाणी भरून इंजिनाचा पाय त्यात बुडवला आणि नवी रबरी नळी जोडून, तेल मिसळलेलं पेट्रोल भरून ते चालू केलं तेव्हा महिना संपायला सहा दिवस होते. बायकोनं नऊ वेळा दोरी ओढली. नावाडी मोजत होता, कारण दुसरं काही काम त्याला नव्हतं. नवव्या वेळी इंजिन खोकलं, गुरगुरलं आणि एकदम असं गरजलं की कोंबड्या कुंपणापलीकडं गेल्या. निळ्या धुरानं गोठा भरला. शेजारीपाजारी धावत आले. मिस्त्रीनं इंजिनावर तळहात ठेवून डोळे मिटले, आणि लगेच हात काढून घेतला.

"बंद कर! बंद कर!"

मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार यायला हवी होती. ती येत नव्हती. पाणी वर चढत नव्हतं, इंजिन कोरडंच तापत होतं. पाय खोलल्यावर कारण सापडलं. पाणी वर ढकलणारी रबराची फिरकी चपलेच्या जुन्या तळव्यासारखी कडक झाली होती. मिस्त्रीनं बोटानं दाबली तर तिची दोन पाती तुटून खाली पडली.

"हिच्याशिवाय दहा मिनिटंही चालणार नाही," तो म्हणाला. "जळेल."

बाजारात तसली फिरकी मिळाली नाही. दुकानदारानं शहरातल्या दुकानात फोन लावला. तिथून उत्तर आलं की एवढ्या जुन्या इंजिनाचे भाग येणं कधीच बंद झालंय. "वाळूवाल्याकडं बघ," दुकानदार म्हणाला. "त्याच्या बापाचं पहिलं इंजिन असलंच होतं."

नावाडी त्या दिवशी गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारची फेरी संपवून गेला. वाळूवाला छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता. वयानं पोरगाच म्हणावा असा, नावाड्याच्या नावेतूनच शाळेत गेलेला. त्यानं पाहिलं, मान हलवली आणि फोनवर बोलत राहिला. नावाडी उन्हात उभा राहिला. समोर दोन माणसं वाळू उपसत होती, ती फावड्यावर हात टेकून त्याच्याकडं बघू लागली. बोलणं संपलं, दुसरा फोन आला. तोही संपला.

"बोला काका."

नावाड्यानं सांगितलं.

"भंगारात असेल," वाळूवाला म्हणाला. "पण काका, कशाला हा खटाटोप? फेरी माझ्याकडं आली तर मी काय तुम्हाला उपाशी ठेवीन? काठावर बसायचं, तिकिटं फाडायची. सावलीतलं काम. तुमचा खांदाही..." तो थांबला.

"खांद्याला काय झालंय?"

"काही नाही. लोक बोलतात." त्यानं भंगाराच्या ढिगाकडं बोट दाखवलं. "तिकडं बघा. पाना घ्या तिथला. माणूस देत नाही हं, कामं पडलीत."

तो वाईट वागला असंही म्हणता येत नव्हतं. नावाडी भंगारात बसला. तापलेलं लोखंड हाताला चटके देत होतं. डाव्या हातानं पाना धरून त्यानं चार बोल्ट काढले. पाचवा निघेना. फावड्यावाल्यांपैकी एकजण मालकाची नजर चुकवून आला, बोल्टावरच्या पान्याला एक लाथ घातली आणि न बोलता परत गेला. फिरकी निघाली. जुनीच होती, पण तेलकट गाळात राहिल्यानं तिची पाती अजून मऊ होती. ती खिशात घालून निघताना नावाड्यानं वाळूवाल्याला हात जोडले. तो पुन्हा फोनवर होता, त्याला ते दिसलं नसावं.

घरी बायकोनं फिरकी साबणानं धुतली आणि बोटानं एकेक पातं वाकवून पाहिलं.

"तिकिटं फाडायचं काम देतो म्हणाला," नावाडी म्हणाला.

"मग?"

"सावलीतलं आहे."

तिनं फिरकी फडक्यावर ठेवली. "तुम्हाला करायचं असेल तर करा. खरंच सांगते. मी बोलणार नाही."

त्यानं चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला, "मिस्त्रीला सकाळी लवकर ये म्हणून सांगून येतो."

कचेरीचा कारकून आला तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. पोटाशी चामडी पिशवी धरलेला, पोहता न येणारा, पाण्याकडं संशयानं बघणारा माणूस. पहाटेच ट्रॉलीतून आणलेली बोट बघत धक्क्यावर पंधरा-वीस लोक जमले होते. पलीकडं जाणारे होते, नुसते बघायला आलेलेही होते. वाळूवाला एका बाजूला उभा राहून कुठंतरी दुसरीकडंच बघत होता.

घरून निघतानाच नावाडी बायकोला म्हणाला होता, "इंजिन आता एक-दोन झटक्यांत घेतंय. मी करीन चालू. दहा माणसांत बाईनं दोरी ओढलेली बरी दिसत नाही."

"दहा माणसांत बाईनं गवताचा भारा ओढलेला कसा दिसतो?" ती म्हणाली होती. पण पेट्रोलचा डबा डोक्यावर घेऊन ती मागोमाग आली आणि डबा बोटीत ठेवून काठावर जाऊन उभी राहिली.

कारकून फळीवरून बोटीत उतरला आणि मधल्या पाटावर बसला. फळी काढून घेतली. नावाड्यानं बोट पाण्यात लोटली आणि दोरीची मूठ डाव्या हातात धरली. ओढली. इंजिन एकदा खोकलं. पुन्हा ओढली. खोकलंही नाही. काठावर कुणीतरी काहीतरी बोललं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. तिसऱ्यांदा त्यानं मूठ उजव्या हातात घेतली, दात खाऊन सगळा जीव एकवटला आणि ओढली. खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. तो इंजिनावर ओणवा झाला. तोंडातून आवाज निघू दिला नाही, पण हात लोंबत राहिला. कपाळावरचा घाम झाकणावर टपटप पडत होता आणि तिथल्या तिथं सुकत होता.

"चालू होतं का नाही?" कारकुनानं घड्याळ पाहिलं.

नावाड्यानं मान वळवून काठाकडं पाहिलं. बायको पाण्याकडं बघत होती. ती हाक मारल्याशिवाय येणार नाही, हे त्याला कळलं. आणि हाक मारली तर ती थांबणार नाही, हेही.

"ये गं," तो म्हणाला. काठापर्यंत ऐकू जावं म्हणून मोठ्यानं पुन्हा म्हणाला, "अगं, ये. मला नाही जमत."

फळी तर काढलेली. ती ओचा खोचून गुडघाभर गाळातून आली, चिखलाच्या पायांनी बोटीत चढली. त्याला हलकेच बाजूला करून तिनं मूठ धरली. पहिल्या झटक्याला इंजिन गुरगुरलं, दुसऱ्याला चालू झालं. मागच्या भोकातून बोटाएवढी पाण्याची धार पडायला लागली. काठावर मिस्त्रीनं दोन्ही हात वर केले.

कारकुनानं पिशवीतून कागद काढून मांडीवर ठेवला. "चालवणार कोण?"

"ही!" नावाडी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागत होतं.

"बाई? तुम्ही का नाही?"

नावाड्यानं लोंबता हात छातीशी धरला. मग ओरडून म्हणाला, "साहेब, गेल्या थंडीत नाव भरकटली, तो वारा नव्हता! माझा खांदा गेला होता! मी खोटं लिहून दिलं! आता वल्हं होत नाही, दोरी होत नाही! हिला होतं! पाणी मला माहीत आहे, मी दाखवीन! चालवणार ही!"

सगळ्या काठानं ऐकलं. शिंप्यानंसुद्धा मान खाली घातली. कारकून पेन उघडून तसाच बसला.

"आता हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" तो वैतागून म्हणाला. मग त्यानं पेन कागदावर टेकवलं. "बाई, नाव सांगा. पूर्ण."

तिनं सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, इंजिनाच्या वरताण. चारचौघांत तिचं पूर्ण नाव नावाडी पहिल्यांदाच ऐकत होता. कारकुनानं ते लिहून घेतलं आणि म्हणाला, "पलीकडं नेऊन दाखवा. शिक्का तिथं मारतो."

फळी परत टाकली. पहिल्या चढल्या त्या मास्तरीणबाई. नावाड्याजवळून जाताना त्या म्हणाल्या, "मी त्या दिवशी तुमच्यासमोरच बसले होते. मला दिसत होतं."

"मग रोज का येत होतात?"

"दुसरी नाव कुठं होती?" त्या म्हणाल्या. पाटावर बसून त्यांनी दोन्ही हातांनी कड धरली.

बोट सुटली. एरवी तासाभराचं पाणी वीस मिनिटांत सरलं. बायकोनं पहिल्यांदा वळण चुकवलं, लोक एकमेकांवर आदळले, पण मग तिच्या हाताला अंदाज आला. पलीकडं कारकुनानं पिशवीवर कागद ठेवून शिक्का मारला. त्याला वस्तीत दुसरं काम होतं, संध्याकाळच्या फेरीनं परत येतो म्हणाला. मास्तरीणबाई, शिंपी आणि बाकीचे चढावरून निघून गेले. येताना बोटीत दोघंच होती.

नावाडी पाटावर बसला तो पाठ पुढं आणि तोंड मागं करून. वल्हवणारा असाच बसतो, तीस वर्षांची सवय. त्यामुळं समोर आली ती बायको. इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून, डोळे बारीक करून ती लांब बघत होती. चष्म्याच्या काचेवर तेलाचा ठिपका होता, पायावरचा चिखल सुकून पांढरा पडत होता.

"असे काय बसलात? पुढं बघा," ती म्हणाली. "पाणी तुम्ही दाखवणार म्हणून ओरडून सांगितलंत ना!"

"बघायला कशाला हवं?" त्यानं डोंगराच्या दोन शेंड्यांकडं नजर टाकली. "डावीकडं घे थोडी. अजून. खाली जुना बांध बुडालाय, या दिवसांत पंखा लागेल."

तिनं घेतली.

"आता सरळ. आता धक्क्यापर्यंत काही नाही."

"दुखतंय?"

"दुखतंय."

"घरी गेल्यावर शेकू."

त्यानं मान हलवली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. हातांना काम नव्हतं. बोटं थोडा वेळ आपसूक मिटत-उघडत राहिली, मग थांबली. पाटाखालून इंजिनाची थरथर पाठीत चढत होती आणि वारा लागत होता. या पाण्यावर त्यानं कधी डोळा मिटला नव्हता. आता मान छातीवर पडली ती त्याला कळलीही नाही.

धक्क्यापाशी दुपारच्या फेरीची माणसं चपला हातात घेऊन गाळात उभी होती. तिनं वेग कमी केला, गिअर काढला आणि बोट हळूच काठाला टेकू दिली. नावाडी हलला नाही. इंजिन बंद करायला तिनं हात पुढं केला, पण बटणावर बोट नेऊन थांबली. आवाज थांबला असता तर तो जागा झाला असता.

"चला की, फळी टाका!" कुणीतरी ओरडलं.

तिनं मान हलवली आणि हाताच्या पंजानं खूण केली, थांबा. माणसं थांबली. इंजिन धडधडत राहिलं, पेट्रोल जळत राहिलं. जळू दे, ती मनाशी म्हणाली, आणि दांड्यावरचा हात तसाच ठेवून बसून राहिली.